साडेचार लिटर जातात कुठे?

२ जानेवारी, मंगळवार

जाड्याची टाकी गच्च भरली. चार नंबरचा पंप, नेहमीचाच. पहिल्या 'टक'ला नळी बाहेर — वर एक थेंब नाही. किलोमीटरचा आकडा शून्यावर आणला. आता बघतोच!

जाड्या म्हणजे आमची लांबलचक वॅगन गाडी. सहा सिलिंडर, तीनशे चाळीस अश्वशक्ती. एकेकाळी आम्ही तिघं, कुत्रा, तीन सायकली आणि सासूबाईंची चाकाची खुर्ची, एवढं सगळं पोटात घालून हा आल्प्स ओलांडून गेलाय. आता कुत्रा नाही, सासूबाई नाहीत. आणि वीलांड...

वीलांडवरूनच तर सगळं रामायण झालं! नाताळच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर, सव्वीस वर्षांचा घोडा मला म्हणतो, "बाबा, तुझा हा रणगाडा शंभर किलोमीटरला बारा लिटर पितो. लाज नाही वाटत?" मी म्हटलं, "आठ." गाडीच्या पुस्तिकेत तर सात पूर्णांक आठ छापलंय! तो नुसता हसला. दुपारी एकपर्यंत अंथरुणात लोळायचं, आंघोळ नाही, दाढी नाही, लाइपझिगला चार वर्षं एकच प्रबंध कुरतडत बसायचं — आणि हा मला अक्कल शिकवणार! सुटलो मी. आळशी म्हणालो, ऐतखाऊ म्हणालो. तो उठलाच. "हा रणगाडा दारात आहे तोवर मी या घरात पाऊल टाकणार नाही."

"साडेनऊच्या खाली आणून दाखवला तर?"

"तर ईस्टरला येईन. माफीपण मागेन. पण पंपाचा आकडा हं, पुस्तिकेचा नाही!"

"आणि नाही आला तर विकून टाकेन, जा!"

बायकोने, रोस्विटाने, बटाट्याचं सॅलड उचललं आणि आत नेऊन ठेवलं. म्हणाली, "बाप-लेक एकाच साच्यातून काढलेत." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो गेला.

तेव्हा ईस्टरला या टेबलावर तीन ताटं हवी असतील तर तीन टाक्यांची सरासरी साडेनऊच्या आत आलीच पाहिजे. बस.

५ जानेवारी, शुक्रवार

उणे आठ. थंडीत इंजिन जास्त पितं, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? पैज लावायची तीपण जानेवारीत! माझीच अक्कल.

टायरमध्ये हवा थोडी वाढवली. छतावरचे दांडे काढले. डिकीतून बाहेर आलेल्या वस्तू: बर्फात टायरना लावायची साखळी, दोन घडीच्या खुर्च्या, कुत्र्याची जाळी, एक फुटबॉल. एकूण एकतीस किलो. फुटबॉल परत ठेवला, त्याचं काय वजन.

रोस्विटा दहाच्या जलव्यायामाला गेली. मंगळवार आणि शुक्रवार, शेजारच्या गावच्या पोहण्याच्या तलावावर, जाऊन येऊन बावीस किलोमीटर. मी खिडकीतून ओरडलो, "हळू दाब!" ती म्हणाली, "एबरहार्ट, मी काय शर्यतीत चाललेय?"

९ जानेवारी, मंगळवार

उल्मपर्यंत जाऊन आलो. सगळा रस्ता एका दह्याच्या ट्रकमागे. ताशी पंच्याऐंशी! तीनशे चाळीस घोडे आणि समोर स्ट्रॉबेरीचं चित्र. मागून एकाने दिवे मारले, एकाने हॉर्न मारला, एका बाईने तर शेजारून जाताना कपाळावर बोट आपटून दाखवलं. दाखव बाई. तुला काय माहीत माझं दुखणं.

गाडीतला सरासरी दाखवणारा पडदा म्हणतो: ९.४. म्हणजे आत्ताच साडेनऊच्या खाली! पण पडद्यावर माझा विश्वास नाही. चाळीस वर्षं गिअरबॉक्सच्या कारखान्यात काढली, मापं कशी खोटं बोलतात ते मला ठाऊक आहे. हा पडदा कायम तीन दशांश कमी सांगतो. त्र्याऐंशी सालापासून प्रत्येक गाडीची प्रत्येक टाकी चौकोनी वहीत लिहून ठेवली आहे, एकही सुटलेली नाही.

वीलांड लहानपणी मागच्या सीटवरून भागाकार करायचा. मी लिटर सांगायचो, किलोमीटर सांगायचो, आणि पंपाचं बिल हातात पडायच्या आत त्याचं उत्तर तयार! दोन दशांश स्थळांपर्यंत. तेव्हा बरी चालायची अक्कल.

१२ जानेवारी, शुक्रवार

रोस्विटाने विचारलं, "वीलांडला एकदा फोन करूया का?" मी म्हटलं, ईस्टरपर्यंत या घरातून त्याला फोन जाणार नाही. तूच लाडावून ठेवलंयस. ती उठली. बॅग घेतली, जलव्यायामाला गेली.

१९ जानेवारी, शुक्रवार

टाकी भरली. ६०.२ लिटर. ५७४ किलोमीटर. म्हणजे — १०.४९!

दहा पूर्णांक एकोणपन्नास!! पडदा म्हणतो ९.४. त्यात नेहमीचे तीन दशांश धरले तरी ९.७. मग बाकीचं कुठे गेलं? पंपावर उभ्याउभ्या दोनदा भागाकार केला. मागे रांग लागली. एक जण म्हणाला, "आजोबा, तिथेच झोपताय का?" आजोबा! चौसष्टाव्या वर्षी!

घरी येऊन लिटरांत मांडून पाहिलं. साडेचार लिटर जास्त. टाकीत गेले, पण इंजिनाने जाळले नाहीत. साडेचार लिटर म्हणजे एक बादली भरेल! एवढं पेट्रोल जाईल कुठे?

२० जानेवारी, शनिवार

गाडीखाली पुठ्ठा अंथरून अडीच तास पडून होतो. एक डाग नाही. पाठ धरली ती धरलीच. रोस्विटाने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि म्हणाली, "आकड्याच्या एवढं मागे लागू नकोस रे." म्हणे मागे लागू नकोस! पोरगा घरी यायला नको का हिला?

२२ जानेवारी, सोमवार

कूनोच्या वर्कशॉपमध्ये नेली. कूनो शाळेपासूनचा मित्र, सगळ्या खोऱ्यात त्याच्यासारखा मेकॅनिक नाही, आणि त्याच्यासारखी जीभही नाही. गाडी वर उचलली, बॅटरी मारून मारून पाहिलं. "ठणठणीत आहे. पाइप कोरडे, टाकी कोरडी. तुझा जाड्या पीत नाहीये एबरहार्ट, पिणारा दुसराच कुणीतरी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मला काय माहीत! उभ्या गाडीच्या हीटरचं विचारलंस का?"

हा हीटर मीच बसवून घेतला होता, रोस्विटाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. इंजिन बंद असलं तरी टाकीतलंच पेट्रोल जाळून गाडी गरम करतो. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायला नको. तासाला अर्धा लिटर, सकाळची दहा मिनिटं — तेवढं मी नेहमीच्या तीन दशांशांत धरलेलंच आहे. तरी संध्याकाळी रोस्विटाला विचारलं. "रोझी, हीटर किती वेळ लावतेस?"

"दहा मिनिटं," ती म्हणाली. कांदा चिरत होती. मान वर केली नाही.

रोस्विटा खोटं बोलत नाही. तेव्हा हीटर बाद.

२७ जानेवारी, शनिवार

चोरीच असणार. रात्री टाकीच्या झाकणावर केसाएवढी बारीक चिकटपट्टी लावतो, सकाळी बघतो. पाच दिवस झाले, पट्टी जागच्या जागी. मजबूत पट्टी आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

पंपच खोटा असेल म्हणून पाच लिटरचा मोजलेला डबा घेऊन गेलो. बरोबर पाच लिटर भरले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, गवत कापायचं मशीन आहे का? फेब्रुवारीत! हो म्हणालो. काय करतो मग.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी टाकी. ५८.३ लिटर, ५६६ किलोमीटर. १०.३०. पडदा ९.२ म्हणतो.

हे बघ, मी आणखी हळू चालवली. उतारावर एकदाही पायाने पेट्रोल दिलं नाही. सगळं आल्ब पठार सायकलवाल्याच्या वेगाने उतरलो. त्याने पडद्यावरचा आकडा खाली आला, मान्य. पण मधला खड्डा किती? पुन्हा साडेचार लिटर! मागच्या वेळीही साडेचार, आताही साडेचार. गळती असती तर कमीजास्त झाली असती. चोर असता तर कधी दहा नेले असते. हे कुणीतरी मोजूनमापून पितंय! डोकं भणभणायला लागलंय.

एकच जागा उरते. तलावाचं पार्किंग. आठवड्यातून दोनदा दीडदोन तास गाडी तिथे उभी, रोस्विटा पाण्यात, आणि आसपास कुणी नाही. मंगळवारी जातो आणि पकडतो हरामखोराला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

लिहू की नको, ठरत नाही. लिहितो.

रोस्विटा सव्वानऊला निघाली. मी तिच्यामागे बसने. हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी, म्हणजे कुणी विचारलं तर जुन्या काचेच्या डब्यात टाकायला आलो म्हणता येईल. ते डबे, प्रत्येक रंगाच्या काचेला वेगळा, पार्किंगच्या कोपऱ्यातच आहेत. पण आज फासनेट, उपवासाआधीचा मुखवट्यांचा सण, आहे हे मी साफ विसरलो! गावात लाकडी मुखवट्याच्या चेटकिणी सुटलेल्या, घंटा वाजताहेत, बस दोन थांबे अलीकडेच अडकली. उतरलो तर एका चेटकिणीने मला धरलं, टोपी काढली आणि मूठभर कागदाचे कपटे कॉलरमध्ये कोंबले. मी शिव्या दिल्या. तिने गालावर पापी दिली. आवाजावरून पुरुष होता.

तलावाशी पोचलो. दारावर पाटी: फासनेटनिमित्त आज बंद.

बंद! आणि पार्किंगमध्ये एकच गाडी. जाड्या.

मी बाटल्यांच्या डब्यामागे सरकलो. गाडीचं इंजिन बंद. पण पुढच्या बंपरखालून बारीक पांढरी वाफ येत होती. हीटर! आणि आत रोस्विटा बसलेली. कोट अंगात, पोहायची बॅग शेजारच्या सीटवर, चेन लावलेली.

तासाला अर्धा लिटर, दर खेपेला दीड तास, टाकीमागे सहा खेपा. साडेचार!

असा संताप आला म्हणून सांगू! तीन आठवडे मी गाडीखाली पुठ्ठ्यावर लोळतोय, ट्रकमागे दही मोजतोय, लोकांच्या शिव्या खातोय, आणि ही इथे बसून माझा आकडा जाळतेय! "दहा मिनिटं" म्हणाली होती! हातातली हिरवी बाटली तशीच पांढऱ्या काचेच्या डब्याच्या भोकात टाकली. धडाम आवाज झाला. रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी थांबली. "अहो! हिरवी तिकडे! डोळे आहेत की नाहीत?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकलो. माफ करा म्हणालो. आणि काच ठोठावायला निघालो.

मागच्या दारापर्यंत गेलो. काचेवर वाफ धरू नये म्हणून तिने खिडकी दोन बोटं उघडी ठेवली होती. ती फोनवर बोलत होती.

"पाय खाली ठेव," ती म्हणाली. "दोन्ही. ठेवलेस? ...थंड लागते ना फरशी? लागू दे. नाही राजा, पुन्हा आडवं नाही व्हायचं. मी आहे ना, कुठेही जात नाही मी. आता खिडकीपाशी जा. पडदा सरकव. ...काय दिसतंय? ट्राम आली? कितवी? ...पाणी उकळायला ठेव आता. मी ऐकतेय. शाबास, वीली. शाबास माझ्या बाळा."

मी तिथेच उभा राहिलो. मग न ठोठावता मागे फिरलो. बस नव्हती. अकरा किलोमीटर चालत आलो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पाठ मोडली. पायांना फोड. रोस्विटाने विचारलं काय झालं, म्हटलं फिरायला गेलो होतो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

ती सव्वानऊला गेली. मी खिडकीतून ओरडलो नाही. बारा वाजता आली. ओले केस नाहीत. इतके दिवस मला दिसलं कसं नाही? टाकीचं झाकण दिसलं, चिकटपट्टी दिसली, बायकोचे कोरडे केस दिसले नाहीत!

२० फेब्रुवारी, मंगळवार

मसुराची डाळ, श्पेट्झले नूडल्स आणि सॉसेज केलं होतं. माझं आवडतं. मी नुसता डाळीत चमचा फिरवत होतो. तीच म्हणाली, "विचार आता."

"काय विचारू?"

"मागच्या मंगळवारी तुझ्या कॉलरमधून कागदाचे कपटे पडले. आपल्या गल्लीत चेटकिणी येत नाहीत, एबरहार्ट."

मग तिने सांगितलं. ऑक्टोबरपासून. त्याला उठवत नाही. आळस नाही तो — सकाळी डोळे उघडतो आणि तिथून पुढे काही होत नाही. डॉक्टरीणबाईंकडे जातो, गोळ्या चालू आहेत, बरं वाटायला वेळ लागेल म्हणाल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी बारा वाजता त्यांच्याकडे जायचं असतं. त्या दोन दिवशी कुणीतरी उठवून दाराबाहेर काढावं लागतं. "दोन वेळा त्याने दार उघडलंच नाही, दिवसभर. शेजारच्या मुलीने मला कळवलं. तिसऱ्यांदा काय होईल म्हणून मी घाबरले. नव्या वर्षापासून मी फोन करते. कपडे घालून, बूट घालून जिन्यात येईपर्यंत ठेवत नाही. कधी पाऊण तास, कधी दोन तास."

"नाताळात आला होता तेव्हा..."

"तेव्हाही तसाच होता. येण्यासाठी चार दिवस लागले होते त्याला. आणि तू आळशी म्हणालास."

"मला सांगायचं होतंस!"

"त्याने शपथ घातली होती. बाबांना नको. बाबा म्हणतील, कसलं आलंय दुखणं, थंड पाणी ओत डोक्यावर. खरं सांग, म्हणाला असतास की नाही?"

म्हणालो असतो. अगदी त्याच शब्दांत म्हणालो असतो.

"आणि घरातून फोन करायचा नाही असं तूच सांगितलंस. तू चोवीस तास घरात. भिंती अशा पातळ. इंजिन चालू ठेवून बसले तर लोक काच ठोठावून कायदा शिकवतात. म्हणून हीटर. तुझा आकडा बिघडतोय हे मला रोज माहीत होतं. रोज वाटायचं, याच आकड्यावर पोरगं घरी येणार आणि मीच तो वर नेतेय. पण काय करू?"

मी म्हटलं, घरातून कर आता. स्वयंपाकघरात बसून कर, मी बागेत जाईन. बागेत काही नाही, पण जाईन.

ती म्हणाली, "त्याला आता सवय झालीय. मागे त्या हीटरची घरघर ऐकू येते ना. म्हणतो, ती चालू आहे तोवर मला कळतं तू निघाली नाहीस."

ज्या गाडीसाठी तो घर सोडून गेला तिची घरघर! मी उठलो आणि भांडी घासली. एक ताट फुटलं.

१ मार्च, शुक्रवार

तिसरी टाकी. ५५.२ लिटर, ५५१ किलोमीटर. १०.०२. पैजेची शेवटची.

तिन्हींची सरासरी १०.२७. हरलो.

आता गंमत बघा. हीटरचे साडेतेरा लिटर वजा केले तर ९.४७ येतात. नऊ पूर्णांक सत्तेचाळीस!! तीन शतांशांनी जिंकतो! आणि हे वजा करणं लबाडी नाही, उभ्या गाडीने जाळलेलं पेट्रोल चालण्याच्या हिशेबात धरायचंच कशाला? कुठलाही इंजिनिअर मान्य करेल. वीलांडही करेल. त्याला कळवलं की ईस्टरला तो दारात.

पण कळवायचं कसं? "वजा हीटर" असं लिहिलं की तो विचारणार, कुठला हीटर? आणि मग त्याला कळणार की मला कळलंय. आईने शपथ मोडली असं वाटलं आणि मंगळवारी त्याने फोन उचललाच नाही तर?

तासभर पेन हातात धरून बसलो. मग पोस्टकार्डावर लिहिलं: "दहा पूर्णांक सत्तावीस. तू जिंकलास. गाडी विकायला काढतोय. — बाबा." आयुष्यात एवढं छोटं पत्र लिहिलं नव्हतं आणि एवढा वेळ लागला नव्हता.

११ मार्च, सोमवार

पोस्टकार्डाला उत्तर नाही. रोस्विटा म्हणते, मिळालंय. "काय म्हणाला?" "काही नाही. टेबलावर ठेवलंय म्हणाला."

कूनोला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. तो म्हणाला, "ताप आहे का तुला?" मी काही सांगितलं नाही. जीभ फार लांब आहे त्याची.

२१ मार्च, गुरुवार

गिऱ्हाईक आलं. तीन लहान मुलं, एक कुत्रा. मुलांनी डिकीत चढून फुटबॉल शोधून काढला. बापाने विचारलं, "खरं सांगा, पिते किती?" मी सगळी वही समोर ठेवली. तो पाहतच राहिला. ईस्टरनंतर घेऊन जातो म्हणाला. मी म्हटलं, बघू. कूनो मागून म्हणाला, "बघू काय बघू? दहा दिवस माझं डोकं खाल्लंस!" मी म्हटलं, बघू म्हणजे बघू.

२५ मार्च, सोमवार

रोस्विटाचा घसा पूर्ण बसला. ताप, आवाज शून्य. कागदावर लिहून बोलते. दुपारी लिहिलं: "उद्या मंगळवार."

मी म्हटलं, त्याला मेसेज कर. तिने लिहिलं: "मेसेजने तो उठत नाही." मग बराच वेळ पेन्सिल कागदावर टेकवून बसली. शेवटी लिहिलं: "गाडीची किल्ली खुंटीवर आहे. तू जा."

मी म्हटलं, मला नाही जमायचं ते! मी ओरडेन. तिने लिहिलं: "मग ओरडू नकोस."

२६ मार्च, मंगळवार

तीन अंश, गारा. तलावाच्या पार्किंगमध्ये दहा वाजता गाडी लावली. इंजिन बंद, हीटर चालू. रोस्विटाच्या फोनवरून लावला.

तो म्हणाला, "आई." आवाज कुठून तरी खालून येत होता.

मी म्हटलं, "आईचा घसा बसलाय. मी आहे."

त्याने फोन ठेवला असं वाटलं. मग म्हणाला, "ती घरघर... जाड्याचीच ना?"

"हो."

"तो किती पितो?"

"तासाला अर्धा लिटर."

"किलोमीटर?"

"शून्य."

मग अगदी हळू, मागच्या सीटवरून सांगायचा तसा: "शून्याने भाग जात नाही, बाबा."

मी म्हटलं, "नाही जात तर नाही जात. पिऊ दे त्याला. तू पाय खाली ठेव."